सुईच्या आधीची खीर

१

राजमती आक्कांचा दम चोरीला गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली. चोर घरातलाच, यावर निपाणीपासून चिकोडीपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांचं एकमत होतं. सीमाभागात इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याच विषयावर झालेलं नाही.

चोरी कशी झाली तेही सगळ्यांना पाठ होतं. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात, शाळेच्या वर्गात, भर दुपारी, रांगेतल्या माणसांच्या देखत सुनेनं सासूच्या डाव्या दंडात कोरोनाची लस टोचली. सून म्हणजे त्रिशला, सरकारी दवाखान्यातली नर्स. रात्री ताप चढला, छाती धडधडायला लागली, आणि आक्का ज्या बसल्या त्या बसल्याच. पूर्वी या बाईचा पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात पूजा, मग म्हशी, मग तंबाखूच्या वखारीत जाऊन नवऱ्याच्या चुका काढणं, असा रोजचा दौरा असे. आता न्हाणीतून चुलीपर्यंत यायचं तर मध्ये भिंत धरावी लागे.

"सुनंनं सुईतनं काय घातलं कुणास ठाऊक," असं आक्कांच्या नणंदेनं, जयाबाईंनी, एकदाच म्हटलं होतं. जयाबाईंना एकदा म्हणणं पुरतं.

त्रिशलानं बेळगावला बदली मागून घेतली आणि हिंडलग्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेली. तिचा नवरा वृषभ आठवड्याचे पाच दिवस आईचा आणि दोन दिवस बायकोचा झाला. दोन्ही घरी त्याला 'तिकडचा' म्हणत.

आता त्रिशलाला दिवस गेले होते. सातवा महिना तोंडावर आला आणि डोहाळजेवणाचा विषय निघाला.

"आमच्या दारात न्हाय," आक्का म्हणाल्या.

"मग कुठंच नको," त्रिशला म्हणाली. "आणि पाळणाही इथंच हिंडलग्याला बांधू."

पाळणा तिकडं बांधला की घर दोन झालं, ते पुन्हा एक होत नाही, हे वृषभला कळत होतं. त्रिशलालाही कळत होतं. म्हणून ती स्वतःच बेळगावच्या डॉ. प्रियदर्शनी हलगेकरांकडं गेली. बाकीचे डॉक्टर तपासण्या लिहून देतात. या बाई प्रश्न विचारतात. त्यामुळं त्यांच्या दवाखान्यात गर्दी कमी आणि खुर्च्या जास्त.

"मॅडम, लसीनं झालं असेल तर तसं सांगा. मी जाऊन सासूबाईंचे पाय धरते. कोविडनंतरचं दुखणं असेल तर तसं सांगा. पण काहीतरी एक सांगा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आणि तिसरंच काही निघालं तर?"

२

रविवारी सकाळी डॉक्टर वृषभच्या गाडीतून गावात हजर झाल्या. त्रिशला आली नाही. आरोपीला बोलावलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही सुनंच्या बाजूनं आलाय का आमच्या?" आक्कांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"तुमच्या हृदयाच्या बाजूनं. आडवं व्हा बघू."

रक्त, साखर, थायरॉइड, हृदयाचा आलेख, सगळं बेळगावात आधीच बघून झालं होतं आणि सगळं ठीक होतं. तिसरा संशयित तिथंच सुटला. उरले दोन: लस आणि कोविड.

आता वृषभ पुढं सरसावला. त्यानं पदरमोड करून कोल्हापूरहून आईच्या रक्ताची खास तपासणी करून घेतली होती. "मॅडम, केस संपली. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडलीत. नेटवर लिहिलंय, ही सापडली म्हणजे कोविड होऊन गेला."

"लस कुठली होती?"

"ती... अख्खा विषाणू मारून केलेली."

"मग ही साक्ष बाद. काही लसी शरीराला विषाणूची नुसती बाहेरची काटेरी बाजू दाखवतात. त्यांच्यानंतर गाभ्याची ओळख निघाली, तर ती आजारातूनच झालेली असते. तुमच्या आईला अख्खा विषाणू दाखवलाय, मेलेला का असेना. ओळख लसीनंही होते, आजारानंही. शिवाय या तीन वर्षांत नकळत कोविड होऊन न गेलेला माणूस दाखवा मला."

वृषभ खाली बसला. आपण विद्वान आहोत असं त्याला सकाळपासून वाटत होतं, ते तिथंच संपलं.

डॉक्टरांनी आक्कांची आडवी असताना नाडी मोजली. मग उभं करून मोजली, आणि पुन्हा थोड्या वेळानं मोजली. आक्का हललेल्याही नव्हत्या, पण नाडी मागं कुत्रं लागल्यासारखी धावत होती.

"हे नाटक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उभं राहिल्यावर शरीरानं रक्त वर ठेवायचं असतं, ते जमेना म्हणून हृदय पळतंय."

तीन वर्षांत 'नाटक नाही' हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. आक्कांनी नवऱ्याकडं असं बघितलं की पद्मराज अण्णांनी लगेच उठून म्हशींना पाणी दाखवायला जायचं ठरवलं. म्हशी तासापूर्वीच प्यायल्या होत्या.

"म्हंजे लसीनंच?" जयाबाईंनी घाई केली.

"हे कोविडनंतर होतं. क्वचित लसीनंतरही झालेलं आहे. मच्छे गावच्या एका फिटरचे पाय लसीनंतर लुळे पडले होते, तेव्हा लसीमुळंच असावं असं मी स्वतः वर कळवलं. त्यामुळं तुमची सून निर्दोष, असं धरून मी आलेली नाही."

"बघा! अन् आणिक एक ध्यानात घ्या," जयाबाई पुढं सरकल्या. "आक्काला कोविड झालाच न्हाय. सगळं गाव खोकलं, ही एकदा खोकली न्हाय. आजारच झाला न्हाय, तर आजारामागनं येणारं दुखणं कुठनं येणार वो?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. खुर्ची आक्कांच्या आणखी जवळ ओढली.

३

"सुईनंतर काय झालं ते सगळा जिल्हा सांगतोय," डॉक्टर म्हणाल्या. "सुईच्या आधी काय चाललं होतं?"

"कायबी न्हाय," आक्का म्हणाल्या. "पर्व होतं. उपास होता."

पर्युषणात या जैन घरांतून कडक उपवास होतात. उकळून गार केलेलं पाणी, तेही ठरलेल्या वेळी. बाकी पोटात काही नाही. आक्कांनी त्या वर्षी पहिल्यांदाच पर्वभर उपवास धरला होता.

"अंग दुखत होतं?"

"उपासाला दुखतंच की."

"ताप?"

"ताप कशाचा? पोटात कायबी नसल्यावर अंग तापतंच."

"पडून राहत होतात?"

"मग काय नाचू व्हय?"

"तोंडाला चव होती?"

आक्का हसल्या. "खायलाच न्हाय तर चव कुठली, बाई!"

डॉक्टरही हसल्या, पण जरा उशिरा. लपायला याहून चांगली जागा कुठल्या आजाराला मिळाली असेल? थकवा उपवासाचा, अंगदुखी उपवासाची, गरम कपाळही उपवासाचं. आणि जेवतच नसलेल्या माणसाची चव गेली, तर ते कळणार कुणाला? त्या माणसालाही नाही.

पण हा नुसता संशय झाला. त्या ओसरीवर आल्या. पद्मराज अण्णा म्हशींकडं बघत उभे होते आणि म्हशी अण्णांकडं.

"अण्णा, उपवासाच्या दिवसांत आक्कांच्यात काही वेगळं दिसलं?"

अण्णांनी आधी दाराकडं बघून घेतलं. "सांगतो. पण आत जाऊ देऊ नका. मी वखारीतनं आलो की अंगाला तंबाखूचा वास मारतोय. लग्न झाल्यापास्नं सदरा बाहेर काढल्याबिगर मला उंबरा ओलांडू दिला न्हाय. पण त्या पर्वात, शेवटच्या दिवसांत, मी एकदा चुकून तसाच आत गेलतो. एक शब्द बोलली न्हाय! दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. तरी न्हाय!"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"उपासानं स्वभाव निवळला म्हणालो." अण्णांनी उसासा टाकला. "लई सुखाचं दिवस होतं वो ते."

डॉक्टर तडक स्वयंपाकघरात गेल्या. येताना त्यांची मूठ झाकलेली होती.

"आक्का, डोळे मिटा. आता वास घ्या. काय आहे?"

दारात उभ्या असलेल्या जयाबाईंनी तेवढ्या लांबून नाक चोळलं. आक्कांनी जोरात श्वास ओढला, विचार केला आणि खात्रीनं सांगितलं,

"उदबत्ती."

डॉक्टरांनी मूठ उघडली. आत हिंगाचा खडा होता.

४

"वास कधी गेला, आक्का?"

"गेला म्हणू नका." आक्का ताठ बसल्या. "सुटला. रसपरित्याग झाला माझा. पारण्यादिवशी."

खोलीत एकदम आदर पसरला. वृषभनंसुद्धा पाय आखडून घेतले. रस म्हणजे चव. चवीचा मोह सोडणं हे जैनांत मोठं तप. लोक त्यासाठी जन्मभर झटतात, आणि आक्कांना ते एका सकाळी जमलं होतं. त्यांना बस्तीत शाल दिली होती. तेव्हापासून दर पर्वात उपवास धरणाऱ्या सुना-लेकी आधी त्यांच्या पाया पडायला येत. दम गेल्यावर आक्कांचं जे काही चांगलं उरलं होतं, ते एवढंच होतं. हिंगाच्या खड्यासाठी त्या ते सोडणार नव्हत्या.

"पारण्याला काय झालं होतं?" डॉक्टरांनी हळू विचारलं.

"खीर होती. जयाबाईनं केल्ती. दोन वाट्या खाल्ल्या अन् आणिक मागितली. बस्तीतले उपाध्ये समोरच होते. म्हणाले, याला म्हणायचं रसपरित्याग."

"खीर खाण्यात परित्याग कसला?"

जयाबाई छताकडं बघायला लागल्या. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"जयाबाई?"

"दूध लागलतं," जयाबाई पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोला."

"दूध लागलतं वो! तळाला करपून कोळसा झालता. एवढी पाहुणेमंडळी जमलेली, ओतून कशी द्यायची? म्हणलं, वेलदोडा घातला की झाकतंय. न्हाय झाकलं. जो तो एकेक चमचा घेऊन मागच्या परड्यात पळाला. वृषभ तर आडापर्यंत गेलता. अन् आक्का आपली शांत. खातीय, खातीय. उपाध्ये 'रसपरित्याग' म्हणाले, तवा मला असं वाटलं, देवच धावला. खिरीचं कुणी नावच काढलं न्हाय!"

म्हणजे गावात त्या दिवशी एक साध्वी तयार झाली आणि एक सुगरण वाचली. दोन्ही कामं एकाच पातेल्यात.

"आता शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाल्या. "लस पारण्याच्या आधी घेतली की नंतर?"

"नंतर," आक्का म्हणाल्या. "उपासाचा शीण अजून उतरला न्हवता तवा. त्रिशला आधीच घ्या म्हणून मागं लागलती. मीच म्हणलं, पर्व झाल्याबिगर अंगाला सुई लावू देणार न्हाय..."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं.

"दरवाजा फुटला पारण्याच्या आधी," डॉक्टर म्हणाल्या. "पाहुणी आली नंतर. आणि तुम्ही पाहुणीला चोर म्हणून धरून ठेवलंय."

"पण मी उपासात घराबाहेर पाऊल टाकलं न्हाय! मला कोविड दिला कुणी?"

"तेच विचारते. घरात कोण आलं होतं?"

मागच्या बाजूला चपलांची खुडबूड ऐकू आली. रविवारच्या जेवणाला आलेला एक पाहुणा न जेवताच निघाला होता.

५

"भूपाल!" आक्कांनी हाक मारली. दम नसलेल्या बाईच्या मानानं ती हाक मोठी होती.

आक्कांचे धाकटे भाऊ भूपाल मामा एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन आत आले. ते कागलकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले. बहिणीचं गाव कर्नाटकात. मध्ये कोगनोळीचा नाका, आणि त्या दिवसांत नाक्यावर कोविडचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय पलीकडं सोडत नसत.

"तुम्ही आक्कांना बघायला आला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"येणारच की! बहीण पर्वभर उपास करतीया अन् भाऊ विचारपूस करायला आला न्हाय, तर लोक तोंडात शेण घालतील."

"रिपोर्ट काढला होता?"

"न्हाय."

"का?"

मामांनी चप्पल या हातातून त्या हातात घेतली. "निघाला असता म्हणून."

"काय निघाला असता?"

"कोविड. घसा धरलता, अंग मोडत होतं. तपासणी केली असती तर नक्कीच निघाला असता. म्हणून केली न्हाय. रिपोर्टच न्हाय म्हणजे कोविड न्हाय, असं सरकारचंच म्हणणं होतं की!"

"मग नाका कसा ओलांडला?"

"नाका कुठं ओलांडला? उसातल्या वाटंनं आलतो. सरकारला त्रास नको."

आक्कांना आता सगळं आठवत होतं. "माझ्या उशाला बसून खोकत होतास की रं! मी विचारलं तर म्हणालास, उसाची कुसळं घशात गेली!"

"उसातनं आलतो हे तर खरंच होतं ना, आक्का," मामा कळवळून म्हणाले.

"आणि घरातल्या बाकीच्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचं दोन-दोन डोस झालते," अण्णा म्हणाले. "दोन दिवस घसा खवखवला. म्हणलं, हवा बदलली. राहिलती ती एकटीच."

जयाबाईंना एवढ्यात हार मानायची नव्हती. "मग सुईचा कायच दोष न्हाय?"

"कोर्टात शपथेवर विचारलं तर मी 'बहुतेक' असंच म्हणेन," डॉक्टर म्हणाल्या. "लसीनं रात्रीचा ताप दिला, तो दिलाच. आजारातून न उठलेल्या अंगाला तो जडही गेला असेल. पण वास आधीच गेला होता. बाकीचे उपवासकरी पारणं होऊन कामाला लागले, आक्का लागल्या नाहीत. लस आधी घेतली असती, आजार झालेला नसता, आणि मग हे सुरू झालं असतं, तर मी सुनेकडंच बोट दाखवलं असतं. इथं क्रम उलटा आहे. हे कोविडनं मागं ठेवलेलं दुखणं आहे."

आक्कांनी हाताच्या बांगड्या फिरवल्या.

"म्हंजे रसपरित्याग न्हवता," त्या म्हणाल्या.

"रस आधीच गेला होता, आक्का. तुम्ही सोडायच्या आधी."

६

जेवणं झाली. भूपाल मामांना वाढलं, पण बहिणीनं आग्रह केला नाही. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शिक्षा होती.

डॉक्टरांनी उपचार सांगितले. पाणी भरपूर, मीठ जरा जास्त, पायात घट्ट मोजे. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब यांचा वास घेऊन नाकाला पुन्हा शिकवायचं. आणि मुख्य म्हणजे दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधीच बसायचं.

"बरी व्हईन?"

"बऱ्याच अंशी. सावकाश. पण रोज कुणीतरी नाडी बघायला हवं, आणि तुम्ही उठलात की ओरडायला हवं. घरातल्यांचं तुम्ही ऐकणार नाही, हे मला अर्ध्या दिवसात कळलंय."

"आता लोकांना काय सांगायचं?" जयाबाईंना खिरीची काळजी होती.

"काय सांगायची गरज न्हाय," अण्णांनी मार्ग काढला. "त्रिशलाला गपचूप बोलावून घेऊ. घरातल्या घरात मिटवू. तुझी शाल तुझ्याकडं, सून आपल्याकडं."

तडजोड चांगली होती. तंबाखूच्या व्यापारात अण्णांनी अशा पुष्कळ केल्या होत्या. दोन्ही बाजूंना काही ना काही मिळत होतं, आणि पुढच्या पर्वातही सुना-लेकी पाया पडायला येणार होत्या. आक्कांनी खुंटीवरच्या शालीकडं एकदा बघितलं.

"पोरीला चोर ठरवलं ते गावासमोर," त्या म्हणाल्या, "अन् आता सोडायचं घरातल्या घरात व्हय? जयाबाई, तू सांग सगळ्यांना. भावानं आणलेला कोविड, लागलेली खीर, माझं गेलेलं नाक, सगळं. तू सांगितलंस की चिकोडीपर्यंत जातंय."

"खीरबी?"

"खीर आधी."

मग त्या वृषभकडं वळल्या. "गाडी काढ रं."

"कुठं?"

"तू दर शनवारी जातोस तिथं."

बेळगावपर्यंत आक्का मागच्या सीटवर आडव्या पडून आल्या. वाटेत डॉक्टरांनी त्यांना दोनदा पाणी पाजलं. एकदा काकतीजवळ त्यांना उठून बाहेर बघावंसं वाटलं, तेव्हा डॉक्टर ओरडल्या. आक्का निमूट पडल्या. वृषभनं आरशातून बघितलं आणि गाडी जरा हळू केली. असं दृश्य रोज मिळत नाही.

हिंडलग्याच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आक्का गाडीतून उतरल्या, दोन्ही मजल्यांकडं बघितलं आणि भर रस्त्यात उभं राहून हाक मारली,

"त्रिशला! खाली ये गं. मला वर यायचं न्हाय, डॉक्टरांचा हुकूम हाय."

शेजारच्या तीन बायका गॅलरीत आल्या. त्रिशला पोट सांभाळत, कठडा धरत खाली आली. शेवटच्या पायरीवर थांबली. तिनं वृषभकडं बघितलं, डॉक्टरांकडं बघितलं. दोघांनीही तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"माझं चुकलं, पोरी," आक्का म्हणाल्या. आवाज खालच्या मजल्यापुरता नव्हता, वरच्या गॅलरीलाही पोचावा असा होता. "तू सुई टोचायच्या आधीच मी आजारी हुते. तुझ्या माथ्यावर मी खोटं घातलं. डोहाळजेवण आपल्या दारात व्हणार, अन् पाळणाबी. पण तुला यायचं असलं तरच. न्हाय म्हणालीस तर मी हितं येऊन ऱ्हाते. खालचा मजला बघून ठेवा म्हणावं मालकाला."

त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी बोलणार होती. बहुधा तीन वर्षांचं साठलेलं, पाठ करून ठेवलेलं असं काहीतरी. पण नर्स आधी बोलली.

"आत्ती, किती वेळ उभ्या आहात? चेहरा बघा कसा पांढरा पडलाय. आधी बसा."

"बसू कुठं?"

"इथंच. पायरीवर."

"अन् तू गं? सातवा लागतोय, दोन मजले उतरून आलीस ती उभीच. तूबी बस."

त्रिशला सासूशेजारी बसली. पायरी अरुंद होती, एकीला जेमतेम पुरणारी. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आले, जिन्यात जागा नाही असं बघून खाली उभे राहिले आणि काय चाललंय ते वृषभला विचारलं.

"घर बसतंय," वृषभ म्हणाला. "जरा थांबा."